सबकॉन्ट्रॅक्टर घेताय? आधी कॅलेंडर बघा

आयटी पार्कजवळच्या टपरीवर तर्री-पोहे खाता खाता "तू फ्रंटएंड बघ, बॅकएंड मी बघतो" एवढ्यावर काम वाटून दिलं जातं. माणूस मिळणं सोपं आहे हो. एकट्या फ्रीलान्सरची कन्सल्टन्सी होताना हात पोळतात ते तारखांवर.

समजा बिल ३ लाखांचं, त्यावर १८% जीएसटी ५४,०००. क्लायंटची पैसे द्यायची मुदत ४५ दिवस. काम २८ जूनला संपलं आणि त्याच दिवशी टॅक्स इन्व्हॉइस काढलं, तर दरमहा रिटर्न भरणाऱ्याला जीएसटी २० जुलैला भरावा लागतो. क्लायंटचे पैसे मात्र १२ ऑगस्टला. तेच इन्व्हॉइस १ जुलैला काढा: पैसे १५ ऑगस्टला, जीएसटी २० ऑगस्टला. काम संपल्यापासून ३० दिवसांत इन्व्हॉइस काढायची मुभा आहेच.

सबकॉन्ट्रॅक्टरला द्यायचे २ लाख. त्याचं जीएसटी रजिस्ट्रेशन नसेल तर ५४,००० पूर्ण तुम्हीच भरायचे. असेल, तर त्याने बिलात लावलेला ३६,००० जीएसटी क्रेडिट म्हणून तुमच्या जीएसटीतून वळता होऊन रोख १८,०००च जातात. पण त्याने आपलं रिटर्न वेळेत भरलं तरच. क्लायंट १०% टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा आयकर) कापतो, म्हणजे ३०,००० अडकले. कागदावरच्या १ लाखातले हातात ७०,०००. त्यात सबकॉन्ट्रॅक्टर काही ४५ दिवस थांबत नाही. सबकॉन्ट्रॅक्टरचं दोन महिन्यांचं देणं वेगळ्या खात्यात नसेल तर दुसरा माणूस घेऊच नका.

अनुमानित कराची योजनाही आता तपासून घ्या. त्यात जमेच्या किमान ५०% नफा धरतात. एकट्यासाठी ती झकास. पण ४० लाख जमेतून २५ लाख सबकॉन्ट्रॅक्टरना आणि ३ लाख इतर खर्चाला गेले, तर खरा नफा १२ लाख आणि कर २० लाखांवर! नफा ५०%पेक्षा कमी दाखवायचा तर हिशेबवह्या आणि ऑडिट. सीएकडे मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्येच जा.

आणि कोडची मालकी. पैसे दिले म्हणून कोड तुमचा होत नाही. नोकर नसलेल्याने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट मुळात त्याचाच. तो लेखी, सहीनिशी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. करारात हस्तांतरणाची मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. क्लायंट दुबईचा असेल तर? "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द करारात घाला, आणि रिपॉझिटरी (कोड साठवायची ऑनलाइन जागा) पहिल्या दिवसापासून तुमच्याच खात्यावर उघडा.