आंब्वाझमधला शेवटचा दिवस

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी काहीच ठरवायचे नाही, एवढेच आम्ही ठरवले होते. रविवार असल्यामुळे फ्रान्समधल्या या गावात ल्वार नदीच्या काठावर बाजार भरला होता. तिथे आम्ही शेळीच्या दुधाचे, राखेत घोळवलेले लांबट चीज घेतले. ते मोडू नये म्हणून त्याच्या आरपार धान्याची एक काडी घातलेली असते, जी मी पहिल्याच घासाला चावली.

दुपारी किल्ल्यावर गेलो. दाराच्या ठेंगण्या चौकटीवर डोके आपटून आठवा चार्ल्स हा राजा १४९८ साली इथेच मरण पावला, हे वाचल्यापासून मी प्रत्येक दारात विनाकारण वाकत होतो. आवारातल्या सेंट ह्युबर्ट चॅपलमध्ये लिओनार्दो दा विंचीची समाधी आहे. १५१९ मध्ये तो याच गावातल्या क्लो ल्युसे या वाड्यात वारला. त्याची मूळ कबर दुसऱ्या चर्चमध्ये होती आणि इथले अवशेष त्याचेच असल्याचे केवळ मानले जाते, तरीही त्या फरशीपाशी सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येत होते.

संध्याकाळ मात्र पुलावरच गेली. उन्हाळ्यामुळे उथळ झालेल्या पात्रात वाळूची बेटे उघडी पडली होती, पाणी त्यांना सावकाश वळसा घालत होते, आणि गाडीची वेळ होत आली तरी आमच्यापैकी कोणीही हलायचे नाव घेत नव्हते.