सोळाचे पंधरा: पोलो जीटीवर हलकी चाकं

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय टायरच्या दुकानासमोर उभी केली की ठरलेला प्रश्न येतो, ‘सतरा टाकायचे का?’ सोळा इंची रिमऐवजी हलके पंधरा इंची टाकायचेत म्हटलं तर दुकानदार एकदा गाडीकडे बघतो, एकदा आपल्याकडे. खरं तर यात नवं काहीच नाही. २०१३ मध्ये ही गाडी आली तीच पंधरा इंचांवर, १८५/६० आर१५ टायर (रुंदी १८५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंच) घालून. सोळा इंच आणि १९५/५५ आर१६ नंतर आले. त्यामुळे पुढचा कॅलिपर (ब्रेकच्या डिस्कला पकडणारा भाग) पंधराच्या आत मावतो का, याचं मूळ उत्तर चाकणच्या कारखान्यानेच देऊन ठेवलंय. मागे तर ड्रमच आहेत. तीन दरवाजांची जीटीआय मात्र यात धरू नका. तिचे पुढचे डिस्क बरेच मोठे आहेत, तिला पंधराचा विचारच नको.

चाक लहान केल्याने गाडी ‘पळायला’ लागते, असं सर्रास सांगितलं जातं. चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले चार किलो, हा हिशोब तर व्हॉट्सअ‍ॅपवर कायम फिरत असतो. तो चूक आहे. फिरणाऱ्या वस्तूचं वजन गाडीला किती जड पडतं, हे ते मध्यापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. टायरच्या अगदी बाहेरच्या कडेचा एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो, त्यापेक्षा जास्त नाही. रिमचं वजन त्याहून आत असतं, म्हणून तिथला एक किलो सव्वा ते दीड किलोंएवढाच. आता समजा प्रत्येक चाकामागे तीन किलो वाचले. चारांचे बारा, दीडपटीने धरले तरी अठरा. ड्रायव्हर धरून गाडी बाराशे किलोंच्या आसपास, म्हणजे फरक दीड टक्का. सिग्नलवरून निघताना तो जाणवला असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्यावं.

तो जाणवतो खराब रस्त्यावर. स्प्रिंगच्या खाली लोंबकळणारं वजन, म्हणजे चाक, टायर, ब्रेक आणि चाक ज्यावर बसतं तो हब, एका कोपऱ्यात तीसेक किलो धरा. त्यातले तीन गेले की दहावा हिस्सा गेला. खड्ड्यातून चाक वर उसळल्यावर शॉकअ‍ॅब्सॉर्बरला ते परत रस्त्यावर दाबून धरायचं असतं, आणि हलकं चाक लवकर ताब्यात येतं. ताम्हिणीत एखाद्या वळणावर मधोमध डांबर उखडलेलं असतं, तिथे गाडी बाहेर सरकायची ती सरकत नाही. फायदा आहे तो हा.

म्हणून खरेदीची सुरुवात वजनकाट्यापासून करा. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा पुरतो. आधी जुनं चाक टायरसकट तोला, मग दुकानात नवीन रिम नुसता तोला. ‘लाइटवेट’ हा शब्द खोक्यावर छापायला पैसे लागत नाहीत. साधा ओतीव पंधरा इंची रिम कधीकधी कंपनीच्या सोळा इंचीइतकाच भरतो, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी? टायरही तोला. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्ये किलोभराचा फरक सहज निघतो, आणि तो किलो सगळ्यात बाहेरच्या कडेला असतो.

आता टायर. रिमचं डिझाइन पसंत करण्याआधी टायरचं माप ठरवा, उलटं नको. सध्याच्या १९५/५५ आर१६ चा बाहेरचा व्यास ६२१ मिमी आहे. पंधरात तीन पर्याय निघतात. १८५/६० चा व्यास ६०३, म्हणजे जवळपास तीन टक्के लहान. १९५/६० चा ६१५, एक टक्का लहान. १८५/६५ चा ६२१.५, म्हणजे जवळजवळ तेवढाच.

१८५/६० टाकलं की गाडी खरोखर चपळ वाटते. पण ती करामत वजनाची नाही, लहान व्यासाची. प्रत्येक गिअर तीन टक्क्यांनी आखूड झाल्यासारखा होतो. वर काढलेल्या दीड टक्क्याच्या दुप्पट फरक इथून येतो आणि श्रेय मिळतं महागड्या रिमला. बदल्यात हायवेवर इंजिन तेवढंच जास्त फिरतं, स्पीडोमीटर आणि किलोमीटर दोन्ही फुगवून दाखवतात आणि गाडी ९ मिमी खाली बसते. ९ मिमी कागदावर काहीच नाहीत. सोसायटीच्या गेटवर हाताने बांधलेल्या सिमेंटच्या स्पीडब्रेकरवर मात्र ते मोजता येतात.

१८५/६५ ची बाजूची भिंत १२० मिमी, खड्ड्यांना सगळ्यात चांगली. पण वळणावर ती आधी झुकते, मग गाडी वळते. स्टिअरिंगला रबर लावल्यासारखं वाटतं. रोज मुंबई-गोवा हायवेवर जाणाऱ्याने हेच घ्यावं. बाकीच्यांना १९५/६० आर१५. भिंत ११७ मिमी, म्हणजे सोळा इंचीच्या १०७ पेक्षा एक सेंटीमीटर जास्त, आणि जमिनीवर रुंदी तीच. एक्स्प्रेस वेच्या काँक्रीटवर आवाजही कमी येतो.

टायरवर मापापुढे छापलेला भाराचा आकडा बघायला विसरू नका. जुन्या टायरवर ८७ असेल तर तो ५४५ किलोंचा. १९५/६० आर१५ बहुधा ८८ मध्ये येतो, ५६० किलो, प्रश्न मिटला. १८५/६० साधारण ८४ मध्ये येतो, म्हणजे ५०० किलो. चालतो, पण पाच माणसं आणि सामान असेल तेव्हा हवा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावी लागते. कागदपत्रांच्या बाजूने मात्र १८५/६० सगळ्यात स्वच्छ, कारण याच मॉडेलला कंपनीने ते दिलेलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळे बदल करू नका म्हणतं. तिसरं माप टाकायचं तर निदान विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

रिमचे आकडे: पाच बोल्ट, पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) १०० मिमी, मधलं भोक ५७.१ मिमी, बोल्ट एम१४ × १.५. ऑफसेटचा (रिमवर ‘ईटी’ म्हणून लिहितात तो आकडा) गोंधळ टाळायचा सोपा उपाय म्हणजे जुना रिम काढून पालथा घालणं. स्पोकच्या पाठीवर किंवा हबला टेकणाऱ्या भागाजवळ ‘६जे × १५ ईटी४०’ अशा धाटणीचा मजकूर ओतलेला असतो. धूळ पुसली की वाचता येतो. पहिला आकडा रुंदी इंचात. ईटी म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते.

समजा मूळ ६ इंच ईटी४० आहे आणि घेतलं साडेसहा ईटी३८. बाहेरची कड ८ मिमी बाहेर येते, आतली ४ मिमी आत जाते. काही अडत नाही. बाजारात हलके म्हणून मिळणारे बरेच रिम ७ इंच ईटी३५ असतात. तिथे बाहेरची कड जवळपास १८ मिमी बाहेर येते. मागे तिघं बसून स्पीडब्रेकर ओलांडला की टायर फेंडरच्या कडेला चाटतो. १९५/६० ला ७ इंच ही शेवटची हद्द आहे, १८५ ला तर ती बसतच नाही. शिवाय चाकं बाहेर सरकली की ब्रेक दाबताना स्टिअरिंग रस्त्यातल्या चाकोरीमागे धावतं. ६ किंवा साडेसहा, ईटी ३८ ते ४२. त्यापलीकडे ‘सर, बसतंय की’ ऐकून पैसे देऊ नका.

रिमच्या पाठीवर आणखी दोन गोष्टी शोधा: आयएस १६१९२ चा आयएसआय शिक्का, किंवा जपानी रिम असेल तर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे तिथले शिक्के, आणि कमाल भाराचा आकडा. दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर पुढच्या अ‍ॅक्सलचा भार असतो. त्याच्या निम्म्यापेक्षा रिमचा आकडा बराच वर हवा. नावाजलेल्या जपानी डिझाइनची नक्कल, वजन सुरेख कमी आणि शिक्का एकही नाही, अशी वस्तू दिसली की समजावं, धातूची जाडी कापूनच वजन कमी केलंय. असे रिम फुटतात ते समोरून दिसतं तिथे नाही, तर आतल्या बाजूच्या कडेला. तिथे स्पोकचा आधार नसतो. फ्लो-फॉर्म्ड रिममध्ये ओतल्यानंतर बॅरल (टायर बसतो तो नळीसारखा भाग) तापवून रोलरने दाबत ताणलेला असतो, म्हणून नेमकी तीच जागा पातळ असूनही चिवट राहते. फोर्ज्ड (ओतण्याऐवजी दाबून घडवलेला) उत्तम, पण त्या किमतीत शॉक आणि टायर दोन्ही बदलून होतात. आधी ते करा. वाकलेला रिम गॅसने लाल करून ठोकून सरळ करणारे गल्लोगल्ली आहेत. कारखान्यातल्या उष्णताप्रक्रियेने अ‍ॅल्युमिनियमला आलेली ताकद त्या ज्योतीत निघून जाते आणि पुढच्या खड्ड्यात तो तिथेच चिरतो.

कॅलिपर मावतो हे खरं, पण प्रत्येक रिमचा आतला आकार वेगळा. टायर चढवण्याआधी नुसता रिम पुढे लावून बघा. कॅलिपरच्या पाठीवर आणि स्पोककडच्या बाजूला मळलेल्या कणकेच्या गोळ्या चिकटवा, रिम बसवा, हाताने पूर्ण फिरवा, काढा. गोळी दबून तीन मिमीपेक्षा पातळ झाली असेल तर तो रिम परत करा. बॅलन्सिंगची चिकटपट्टीची वजनं आतच बसतात, त्यांनाही जागा लागते. टायर चढवून झाल्यावर दुकानदार रिम परत घेत नाही, म्हणून हे आधी.

बाजारातल्या रिमचं मधलं भोक बहुधा ७३.१ असतं. भोक आणि हब यांमधली फट भरणाऱ्या ७३.१ ते ५७.१ च्या चार रिंगा त्याच दिवशी घ्या. रिंग नसेल तर चाक केसभर बाजूला बसतं आणि नव्वदच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. मग लोक चार वेळा बॅलन्सिंग करून घेतात आणि दोष टायरला देतात. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर प्लास्टिकच्या रिंगा बऱ्या. अ‍ॅल्युमिनियमची रिंग खाऱ्या हवेत लोखंडी हबला अशी धरते की छिन्नी लागते.

सगळ्यात जास्त घोळ बोल्टचा. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बसणारी बाजू गोलाकार असते, १३ मिमी त्रिज्येची. बाहेरच्या रिमची बैठक बहुधा ६० अंशांचा शंकू. गोल बोल्ट शंकूत घातला तर तो फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. टॉर्क रेंच ‘टक’ करतो, सगळं घट्ट वाटतं आणि दोनशे किलोमीटरमध्ये बोल्ट सैल होतो. म्हणून बैठक बघून वीस नवे बोल्ट घ्या. लांबी तपासायची ती हाताने: बोल्ट टेकेपर्यंत निदान साडेसात-आठ पूर्ण फेरे बसले पाहिजेत. कमी बसले तर धोका, आणि फार लांब असेल तर मागे ड्रमच्या आत घासतो. पुढच्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक सोडा, मागचं चाक जॅकवर हाताने फिरवा. खरखर आली तर बोल्ट आखूड हवा.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा. आट्यांना ग्रीस लावू नका, ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो. सगळे बोल्ट हाताने बसवा, मग चांदणीच्या क्रमाने आधी ६० एनएम (न्यूटन-मीटर), गाडी खाली उतरवून १२०. दुकानातली हवेची गन बोल्ट काढायला ठीक, घट्ट करायला नको. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा १२० वर तपासा. अलाइनमेंट बिघडत नाही, पण नव्या टायरवर एकदा बघून घेतलेलं बरं. हवा पेट्रोलच्या झाकणामागच्या पट्टीप्रमाणे भरा.

आणि स्टेपनी. ती लोखंडी, जुन्याच गोल बैठकीची. नव्या शंकूच्या बोल्टने ती नीट बसत नाही, आणि हे कळतं ते रात्री खंबाटकीत पंक्चर झाल्यावर. पाच जुने बोल्ट एका पिशवीत बांधून स्टेपनीच्या खड्ड्यात टाकून ठेवा.