हळदीचा पहिला कंटेनर, कागद पटापट झाले पण माल अडला

सांगलीच्या मार्केट यार्डात दहा वर्षं सौद्याला उभा राहिलोय, त्यामुळे राजापुरी हळद मला हातात घेतली की कळते असा माझा समज होता. २०२४ मध्ये भाव चढले, आदल्या वर्षी पाऊस कमी आणि लागणही कमी झालेली, तेव्हा म्हटलं आता स्वतःच पाठवून बघू, दुबईची एक पार्टी ओळखीतून मिळालेलीच होती.

सगळे घाबरवतात ते कागदांना. खरं सांगू, ते घरी बसून झालं. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) ५०० रुपयांत ऑनलाईन, मग स्पायसेस बोर्डाचं निर्यातदार नोंदणी सर्टिफिकेट (बोर्डाचं मुख्य ऑफिस कोचीला, पण जावं लागत नाही), जीएसटीचं एलयूटी (आधी कर न भरता माल पाठवायचं हमीपत्र), बँकेकडून एडी कोड (कस्टम्सला द्यायचा बँकेचा कोड). फक्त बँक खात्यावर फर्मचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं होतं त्यात नऊ दिवस गेले. बाकीचं न्हावा शेवा बंदरावरचं सगळं सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने बघितलं.

अडलं ते ओलाव्यावर. करारात १० टक्के लिहिलेलं, मी न वाचल्यासारखंच वाचलं. आपल्याकडे हळकुंड मोडून बघतात, कट्कन आवाज आला, आतला रंग केशरी दिसला की माल वाळलेला. माझं वाजत होतं की! पण जूनमधे भरायच्या आधी पार्टीच्या माणसाने पोत्यात परखी (टोकदार पोकळ नळी) घालून नमुना काढला, लॅबला दिला, आकडा आला १२.६. आवाज काय, ११ ला पण तोच येतो आणि १२ ला पण.

पूर्वी सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत हळद राहायची, २००५ च्या पुराने त्यातली बरीच गेली, आता कोल्ड स्टोरेज. मी मात्र भाडं वाचवायला गोडाऊनमधे ठेवली आणि पहिल्या पावसाची हवा लागली. सांगलीत ऊन नाही, म्हणून १५ टन माल ट्रकने जतला मावसभावाच्या शेडवर नेला, तिकडे अजून आभाळ कोरडं होतं, पाच दिवस ताडपत्रीवर पसरून उलटापालट केली. वजनात घट सव्वाचार क्विंटलच्या वर, शिवाय हमाली दोनदा.

मग फायटोसॅनिटरी (मालात कीड-रोग नसल्याचं सर्टिफिकेट), कस्टम्सचं शिपिंग बिल, कंटेनर सील, हे सगळं तीन दिवसांत.

घटीचा हिशेब वडिलांनी वहीत लाल पेनाने लिहून ठेवलाय. त्यानंतर मी साडेतीन हजारांचं मॉइश्चर मीटर घेतलं, यार्डातले दोन अडत्ये आता तेच मागायला येतात.