हंपीचा प्लॅन आणि पन्नासची नोट

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज तिसऱ्यांदा प्लॅन खोडला आणि आता वाटतंय की बरोबर जमलाय. जानेवारीत सोलापूरहून गाडीनेच निघायचं, विजापूर, बदामी, हंपी, पाच रात्री. आधी एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून पॅकेज मागवलं होतं, त्यात ऐहोळे, पट्टदकल, बदामी ही जुन्या देवळा-लेण्यांची गावं सगळी एका दिवसात आणि हंपी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरकायची होती, ते वाचूनच मला दम लागला. चार वर्षांपूर्वी असाच एक दौरा केला होता आपण, तेव्हा आई निम्म्या ठिकाणी गाडीतच बसून राहिली, "तुम्ही या बघून" म्हणत. ते परत नको.

यावेळी सगळं आईपासून सुरू केलं. तिला विचारलं, तुला नक्की काय बघायचंय, तर म्हणाली मला हंपीतलं विठ्ठलाचं देऊळ बघायचंय, बाकी कुठं न्यायचं ते न्या. लेकीने लगेच मोबाईलवर शोधलं आणि म्हणाली, आजी, पण तिथे मूर्तीच नाहीये, पूजा पण होत नाही. आई म्हणाली, म्हणूनच तर. मग तिने ती गोष्ट सांगितली, विजयनगरच्या कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठ्ठल हंपीला, आपल्या राजधानीत, नेला आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, तो परत आणला. इतिहास म्हणून यातलं किती धरायचं हा प्रश्न वेगळा, पण बाई दर कार्तिकीला पंढरपूरला जाते, तिच्यासाठी तो देव जिथे राहून आला ते घर बघणं आहे हे. मी गप्पच झाले ऐकून.

मग मी पर्समधून पन्नासची नोट काढून दिली. मागच्या बाजूला त्याच देवळातला दगडी रथ आहे ना. आईने चष्मा लावला, नोट दिव्याखाली धरली आणि बराच वेळ बोटाने चाकं चाचपत बसली. तिला सांगितलं की तो रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ आहे, पुढे आत्ता हत्ती आहेत पण त्यांच्या मागे जुन्या घोड्यांचे पाय अजून दिसतात. म्हणाली, मग ते नीट बघायला वेळ लागेल. लागू दे.

तर प्लॅन असा. विजापूर शंभर किलोमीटर, सकाळी लवकर निघून गोलघुमट उघडल्या उघडल्या गाठायचा, गर्दी झाली की वरच्या सज्जात नुसती आरडाओरड चालते आणि पलीकडच्या टोकाची कुजबूज काही ऐकू येत नाही. वर लेक आणि तिचे बाबा जातील, मी आईबरोबर खाली. तिथून बदामीकडे जाताना कोल्हारला कृष्णेचं ते अफाट पाणी लागतं, तिथे थांबून मडक्यातलं दही घ्यायचंच. बदामीत दोन रात्री. तिसऱ्या लेण्यात शके ५०० चा, म्हणजे इ.स. ५७८ चा लेख आहे, तो मला बघायचाय, आणि संध्याकाळी अगस्त्य तळ्याच्या काठावर बसायचं, मावळतीला तो लाल दगड पेटल्यासारखा दिसतो. बनशंकरीला दर्शन, आणि तिथे बायका टोपलीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी घेऊन बसतात, दुपारचं जेवण तिथेच. पट्टदकल निवांत अर्धा दिवस. ऐहोळे मी काढून टाकलं, जीव तुटला पण काढलं.

बाकीच्या तीन रात्री हंपी. विठ्ठलाच्या देवळापर्यंत शेवटच्या टप्प्यात बॅटरीवरच्या गाड्या असतात म्हणे, ते वाचून सगळ्यात जास्त हायसं वाटलं. मातंग टेकडीवरून सूर्योदय मी आणि लेक बघू, आई हेमकूटावर, तिथला चढ सोपा आहे आणि खाली विरूपाक्षाचं गोपूर समोरच दिसतं.

मघाशी नकाशा बघताना एक गोष्ट डोक्यात आली, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध जे सुलतान जिंकले त्यांच्यातल्याच एकाची राजधानी, विजापूर, आपण आधी बघणार आणि मग त्या लढाईनंतर लुटलं गेलेलं शहर, हंपी. लेकीला हे गाडीत सांगायचं, आत्ताच नाही.

उद्या हॉटेलला फोन करून तळमजल्यावरची खोली मागायची. आणि आईसाठी घडीचं स्टूल घ्यायचं, देवळात तिला पाहिजे तितका वेळ बसता येईल. नोट अजून तिच्याकडेच आहे, पोथीत ठेवलीय.