कादंबऱ्या आणि स्टॅटिस्टिक्स एकाच कपाटात

काल पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं आणि तीन तास तिथेच बसले, कारण माझ्याकडे कादंबऱ्या आणि कामाची जाडजूड पुस्तकं सगळी एकत्रच कोंबलेली आहेत. ग्रंथालयात विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावतात त्या, ड्युईने 1876 मध्ये काढलेल्या पद्धतीने लावायचं तर स्टॅटिस्टिक्स 519 मध्ये आणि साहित्य थेट 800 मध्ये, म्हणजे दोघांची गाठ पडायचीच नाही. माझ्याकडे मात्र रिग्रेशन या स्टॅटिस्टिक्समधल्याच विषयाच्या पुस्तकाला टेकून एक रहस्यकथा उभी असते, ती काढली की रिग्रेशन धाडकन आडवं.

कादंबरी पिवळी पडली (कागदातल्या लिग्निनमुळे होतं ते), पानं सुटी झाली तरी चालतं, उलट जीव जास्तच जडतो. टेक्स्टबुकचं तसं नाही ना! मागे नुसता 10 आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) दिसला की समजायचं 2007 च्या आधीचं आहे, त्यातला सॉफ्टवेअरचा चॅप्टर तर बादच. तरी एक जुनी एडिशन टाकवत नाही, समासात पेन्सिलने "हे कुठून आलं???" असं मीच लिहिलंय आणि खरं सांगू, ते अजूनही कळलेलं नाही. आवरून काही झालं नाही, रहस्यकथा तेवढी परत वाचून झाली, खुनी कोण ते माहीत असूनही.