पाच व्होल्ट, पण पिनांवर

रविवार, रात्री

लिनिअरचा, म्हणजे हॅम रेडिओचा संकेत मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचा, विषय निघाला की सगळे ट्यूबच्या प्लेटच्या तीन हजार व्होल्टवर येतात. मला वाटतं, ३-५००झेड या व्हॅक्यूम ट्यूबचं आयुष्य ठरतं ते फिलामेंटच्या, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तारेच्या, पाच व्होल्टवर. थोरियम मिसळलेल्या टंगस्टनची तार, साडेचौदा अँपिअर घेणारी, मर्यादा ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. ट्यूब बनवणारी आयमॅक कंपनी सांगते की ३ टक्के व्होल्टेज वाढलं की इलेक्ट्रॉनचं उत्सर्जन २० टक्के वाढतं आणि आयुष्य निम्म्यावर येतं, कारण तारेतला कार्बन लवकर संपतो.

ट्रान्सफॉर्मरच्या २२० च्या टॅपवरचा (जोडणीवरचा) अमेरिकन लिनिअर आपल्या २४५ व्होल्टच्या लाइनवर लावला की पाचाचे ५.५७ होतात. आधी टॅप २४० वर घ्यावा.

मोजायचं ते सॉकेटच्या १ आणि ५ नंबरच्या पिनांवरच. दोन ट्यूब असल्या की फिलामेंटच्या वाटेतल्या चोकमधून (आरएफ, म्हणजे रेडिओ संकेत, अडवणाऱ्या कॉइलमधून) २९ अँपिअर जातात; ०.०१ ओहमलाही ०.२९ व्होल्ट पडतात. सॉकेटची पकड ढिली असेल तर पिन तापते, आतलं सोल्डर वितळतं. अशा वेळी पकड घट्ट करावी. व्होल्टेज वाढवून भरपाई करू नये.

मोजताना एचटी, म्हणजे प्लेटचं उच्च व्होल्टेज, चालू नको. प्लग भिंतीतून काढायचा, ब्लीडरने (साठलेला चार्ज उतरवणाऱ्या रेझिस्टरने) कॅपॅसिटर उतरू द्यायचे, तरीही अर्थिंगच्या दांडीने खात्री करायची. एचटी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची (लाइनकडच्या गुंडाळीची) दोन्ही टोकं सोडवून इन्सुलेट करायची. ट्रू आरएमएस मीटरच्या क्लिपा सगळं बंद असतानाच लावायच्या, वायरी बाहेर काढायच्या, मग प्लग लावून फिलामेंट चालू. पंखा चालू हवा. ट्यूबच्या काच-धातूच्या जोडांची सील नुसत्या फिलामेंटनेही तापतात. दहा मिनिटांनंतरचा आकडा खरा, आणि त्याच्याशेजारी लाइनचं व्होल्टेजही लिहून ठेवावं. फिलामेंट आणि एचटी एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतील तर ही रीत चालणार नाही.

व्होल्टेज जास्त भरलं तर फिलामेंट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत वायरवाउंड रेझिस्टर. दोन ट्यूबना २३० वर साधारण ०.६५ अँपिअर लागतात. १८ ओहमने बारा व्होल्टच्या आसपास, म्हणजे पाच टक्के उतरतं. उष्णता साडेसात वॉट, तरी रेझिस्टर २५ वॉटचा घ्यावा. शिवाय थंड तारेचा रोध गरम तारेच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असल्याने चालू करतानाचा झटकाही यामुळे थोडा कमी होतो.

नवी ट्यूब पहिले शे-दोनशे तास पाचावरच चालवावी. नंतर एकेक पायरी ०.१ व्होल्टने, दर वेळी प्लग काढून, खाली यावं. पूर्ण ड्राइव्हला (रेडिओकडून येणाऱ्या इनपुटला) आउटपुट पडू लागलं की तिथून ०.१ ते ०.२ वर. आउटपुट बघताना झाकण बंद आणि मीटरच्या वायरी काढलेल्या: ग्राउंडेड ग्रिडमध्ये (ग्रिड अर्थ करून फिलामेंटला इनपुट देण्याच्या रचनेत) या पिनांवर आरएफ आणि बायस (ट्यूबचा प्रवाह ठरवणारं व्होल्टेज) दोन्ही असतात.

ऑक्साइड कॅथोडच्या (हीटरने तापणाऱ्या, ऑक्साइडचा लेप असलेल्या) ८८७७ किंवा ४सीएक्स२५०बी या ट्यूबना ही उतरंड लावू नये. कमी तापलेला कॅथोड लोड आला की खराब होतो. ४सीएक्स२५०बी ला ६.० व्होल्ट हवेत, पण बाजारात ट्रान्सफॉर्मर मिळतो ६.३ चा. हीटर २.६ अँपिअर घेतो, म्हणून सेकंडरीत (ट्यूबकडच्या गुंडाळीत) ०.१२ ओहमचा तीन वॉटचा रेझिस्टर घालावा आणि पुन्हा पिनांवर मोजावं.