जिंगूचा ‘शेवटचा हंगाम’ आणि तिप्पट तिकीट

टोकियोचं मेजी जिंगू बेसबॉल मैदान पाडणार आहेत, हे खरं आहे. पण यंदा नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. निघण्याआधी एवढं कुणी सांगितलं असतं तर माझे तेरा हजारांवर येन वाचले असते. म्हणून तेच सगळ्यात वर लिहितोय. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

झालं असं, की परदेशी पर्यटकांना तिकिटं विकणाऱ्या एका साइटवर ‘शेवटचा हंगाम, पुन्हा संधी नाही’ असं ठळक लिहिलं होतं. साइटचं नाव देत नाही, आज ही तर उद्या दुसरी. सगळं इंग्रजीत आणि वर मैदानाचा संध्याकाळचा देखणा फोटो. जपानी वाचता येत नसलं की माणूस अशाच दारात जाऊन उभा राहतो. आउटफिल्डची, म्हणजे फलंदाजापासून लांबच्या टोकाच्या जागांची, दोन तिकिटं, प्रत्येकी ९,८०० येन. तिकीट हातात आलं तेव्हा त्यावर छापलेली किंमत होती ३,१००. विचारलं तर उत्तर आलं, सेवाशुल्क. जपानमध्ये ठरावीक प्रकारची तिकिटं छापील किमतीच्या वर विकण्याचा धंदा करणं २०१९ पासून बेकायदा आहे. पण परदेशात बसलेल्या विक्रेत्याशी भांडायला सुट्टीत वेळ कुणाला?

आता ‘शेवटचा हंगाम’ म्हणजे नक्की काय ते बघा. हे मैदान १९२६ सालचं. मालक मेजी देवस्थान. आजूबाजूची ‘गाएन’ म्हणजे बाहेरची बाग लोकांच्या देणग्यांतून आणि श्रमदानातून उभी राहिली. अमेरिकेचा प्रसिद्ध बेसबॉलपटू बेब रूथ १९३४ च्या दौऱ्यात इथे खेळला. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने मैदान ताब्यात घेतलं आणि १९५२ पर्यंत सोडलं नाही. याकुल्ट स्वॉलोज हा व्यावसायिक संघ १९६४ पासून इथे आहे, विद्यापीठांचे सामने तर पहिल्या वर्षापासून.

नव्या योजनेत बेसबॉल आणि रग्बी या दोन मैदानांच्या जागांची अदलाबदल आहे. आधी शेजारचं जिंगूचं दुसरं, छोटं मैदान पाडायचं. ते काम २०२३ मध्ये सुरू झालं. तिथे नवं रग्बी मैदान उभं करायचं. मग १९४७ चं जुनं चिचिबुनोमिया रग्बी मैदान पाडून त्या जागी हॉटेलसकट नवं बेसबॉल मैदान बांधायचं. ते चालू झालं की मगच आजचं जिंगू जमीनदोस्त. सगळा प्रकल्प संपायला २०३६ उजाडणार आहे. म्हणजे उड्या मारत तिकीट काढायचं काही कारण नाही. सावकाश जा.

सामन्याच्या दिवसाकडे येतो. माझा मावसभाऊ निशी-कासाईला राहतो (तिथे मराठी इतकं कानावर पडतं की आपण टोकियोत आहोत हे विसरायला होतं). तिथून तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथे गिंझा लाइन पकडून गाएनमाए. गेट क्रमांक तीनने बाहेर पडलात की पाच-सात मिनिटांत मैदान. वाटेत आधी रग्बीचं मैदान लागतं, त्याकडे नीट बघून घ्या. नवं बेसबॉल इथेच येणार आहे. इथवर सगळं सोपं.

पुढचा भाग मात्र अजून डोक्यातून जात नाही. जिंगूमध्ये इनफिल्ड (फलंदाजाजवळच्या जागा) आणि आउटफिल्ड यांचे दरवाजे वेगळे आहेत आणि आतून एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही. एजंटाने पाठवलेल्या कागदावर इनफिल्डचा दरवाजा लिहिला होता. तिथल्या मुलीने अत्यंत नम्रपणे, दोनदा कमरेत वाकून, आम्हाला बाहेर काढलं. मग मैदानाला बाहेरून वळसा. एका बाजूला बांधकामाचे पांढरे पत्रे, दुसरीकडे सामन्याला आलेली तोबा गर्दी, मे महिन्यातला दमट उकाडा आणि फूटपाथ चार माणसांपुरता. आउटफिल्डच्या पहिल्या दारावर गेलो तर तेही आमचं नव्हतं, ते यजमानांचं. पाहुण्या संघाचं दार पार पलीकडे. पुन्हा उलटं चालत आलो. तोवर पहिली इनिंग संपत आली होती आणि भावाच्या तोंडून टोकियोत सहसा ऐकू न येणारे शब्द बाहेर पडत होते.

आत शिरल्यावर पुढचा धक्का. आउटफिल्डची डावी बाजू पाहुण्यांची, उजवी स्वॉलोजची. ही गोष्ट त्या इंग्रजी साइटवर एका ओळीनेही लिहिलेली नव्हती. आमच्या जागा डावीकडे, हानशिन टायगर्सच्या पिवळ्या समुद्रात. भावाच्या डोक्यावर स्वॉलोजची टोपी. कर्मचारी आला, पुन्हा नम्रपणे वाकला आणि टोपी पिशवीत ठेवायला लावली. पाहुण्यांच्या प्रोत्साहन विभागात यजमानांचे कपडे चालत नाहीत. माझा भाऊ इतकी वर्षं स्वॉलोजचा चाहता, आणि त्याला संपूर्ण सामना टायगर्सच्या ढोलांसमोर बोडक्या डोक्याने बसावं लागलं. आपल्या माणसांनी धाव काढल्यावर हळूच हसायचं, एवढीच मुभा. तेव्हा तिकीट काढताना बाजू विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिल्या बेसची (उजवी) बाजू आणि राइट फिल्ड स्वॉलोजचं, तिसऱ्या बेसची (डावी) बाजू आणि लेफ्ट फिल्ड पाहुण्यांचं. हे पाठ करा.

बसायच्या जागेबद्दल आडपडदा न ठेवता सांगतो: वाईट आहे. माझी उंची बेताची, तरी गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीला लागत होते. मधून कुणाला जायचं झालं की अख्खी रांग उभी. खालचा बोळ अंधारा आणि अरुंद. पाचव्या इनिंगनंतर तिथे बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग खाण्याच्या दुकानांच्या रांगेत इतकी मिसळली होती की कोण कशासाठी उभं आहे ते कळेना. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्या मंडळींनी एकदा पूर्ण भरलेल्या सामन्याला इथे बसून दाखवावं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी आउटफिल्डचा विचारही करू नये, इनफिल्डचं तिकीट घ्यावं.

पण मग सातवी इनिंग आली. समोरच्या राइट फिल्डमध्ये हजारो छोट्या छत्र्या उघडल्या आणि एका लयीत वरखाली व्हायला लागल्या. स्वॉलोजनी धाव काढली की हेच, सातव्या इनिंगला तर ठरलेलंच. निळ्या-हिरव्या छत्र्या, मागे उजळलेल्या इमारती, वर उघडं आकाश. टोकियोचा दुसरा संघ, जायंट्स, घुमटाखाली खेळतो. तिथे आकाश दिसत नाही. तेवढी दहा मिनिटं मला तिकिटाचे पैसेही आठवले नाहीत. दमलेला माणूस असाच पटकन विरघळतो, हे लक्षात घेऊन या परिच्छेदावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.

मैदान पाडण्यावरून चाहत्यांमध्ये किती जुंपली आहे ते मला त्या रात्री आणि नंतर विद्यापीठाच्या सामन्यात ऐकायला मिळालं. भाऊ भाषांतर करत होता. शेजारचे टायगर्सवाले काका तर या विषयाची वाटच बघत असावेत. त्यांचं म्हणणं, आमचं कोशिएन मैदान १९२४ चं, जिंगूहून थोरलं. ते पाडलं का? २००७ ते २०१० मध्ये सामने नसलेल्या हिवाळ्यांत टप्प्याटप्प्याने दुरुस्त केलं, हंगाम एकही चुकला नाही. मग जिंगूचं का होत नाही? त्यांनी बॉस्टनचं फेनवे (१९१२) आणि शिकागोचं रिग्ली (१९१४) ही नावंही बोटांवर मोजून दाखवली. मुद्दा वजनदार आहे.

विद्यापीठाच्या सामन्यात मागच्या बाकावर पिकल्या केसांचे दोन मित्र होते, दोघेही पन्नास वर्षं इथे येणारे, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. पहिले म्हणाले, कोशिएनला हिवाळा मोकळा मिळतो. इथे दिवसा विद्यापीठ, रात्री याकुल्ट, नोव्हेंबरातही स्पर्धा. दुरुस्तीला वेळ कुठला? शेजारी नवं बांधून मग हलायचं, म्हणजे एकही हंगाम बुडत नाही. शिवाय देवस्थानाला सरकारी पैसा मिळत नाही, मंदिराभोवतीचं आतलं जंगल राखायचं तर बाहेरच्या बागेतून कमावायलाच हवं. दुसरे तडकले. कमवा की, पण त्यासाठी योजनेतले १९० मीटरपर्यंतचे टॉवर कशाला? इथे पूर्वी १५ मीटरच्या वर काही बांधता येत नव्हतं. ऑलिम्पिकच्या स्टेडियमचं निमित्त करून २०१३ मध्ये नियम सैल केले आणि आता त्या फटीतून सगळे आत घुसतायत.

झाडांवर आले तेव्हा या दुसऱ्यांचा आवाज चढला. संगीतकार र्युइची साकामोतो यांनी मार्च २०२३ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, टोकियोच्या गव्हर्नर युरिको कोइके यांना झाडं वाचवण्यासाठी पत्र लिहिलं होतं. त्यानंतर हा विषय बेसबॉलपुरता राहिलाच नाही. मूळ योजनेत ७४३ उंच झाडं तोडायची होती, विरोध झाल्यावर आकडा ६१९ वर आला. प्रसिद्ध गिंको रस्त्याची १४६ झाडं तोडणार नाहीत, पण नव्या मैदानाची भिंत त्यांच्या मुळांच्या किती जवळ येणार यावर घासाघीस झाली. अंतर ८ मीटरवरून १८.३ मीटरवर नेलं. २०२४ च्या ऑक्टोबरात तोड सुरूही झाली. पहिल्या मित्राने यावर फक्त मान खाली घातली. मग कुणीतरी २०२२ चा विषय काढला. स्वॉलोजच्या मुनेताका मुराकामीने हंगामाच्या शेवटच्या सामन्यात याच मैदानावर छप्पन्नावा होमरन मारून सदाहारू ओहचा १९६४ चा, जपानमध्ये जन्मलेल्या खेळाडूंमधला ५५ चा विक्रम मागे टाकला, तो चेंडू कुठे पडला यावर दोघांचं पुन्हा भांडण लागलं.

माझं मत विचाराल तर, खुर्च्या आणि बोळांच्या बाबतीत पाडणारे बरोबर आहेत. टॉवरच्या बाबतीत त्यांचं सरळ खोटं आहे. बेसबॉल पाहायला १९० मीटरची इमारत लागत नाही. हॉटेलच्या खिडकीतून सामना दाखवणाऱ्या नव्या मैदानात या दोन म्हाताऱ्यांना परवडेल असं तिकीट असेल का, हा प्रश्न कुणीच नीट सोडवलेला दिसला नाही.

जाणाऱ्यांसाठी आता फुटकळ पण कामाचं. मैदान समजून घ्यायचं असेल तर विद्यापीठाचा सामना बघा. वासेदा, केइओ, मेजी, होसेई, रिक्क्यो आणि टोकियो या सहा विद्यापीठांची लीग वसंतात आणि शरदात असते. तिकीट प्रो (व्यावसायिक) सामन्यापेक्षा बरंच स्वस्त, खिडकीवर मिळालं, एजंटाची गरज नाही, मोकळं बसायला मिळतं. वासेदा विरुद्ध केइओला मात्र गर्दी होते. प्रोच्या सामन्यासाठी जपानमधल्या ओळखीच्या माणसाला अधिकृत विक्रीतून तिकीट काढायला सांगा. टायगर्स किंवा जायंट्स सोडून दुसऱ्या संघाचा, आठवड्याच्या मधल्या दिवसाचा सामना निवडा, म्हणजे तिकीट आणि जागा दोन्ही मिळायची शक्यता वाढते.

सोनेरी गिंको आणि स्वॉलोज एकत्र बघायची हौस सोडून द्या. पानं नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पिवळी होतात, तोवर प्रो हंगाम संपलेला असतो. नोव्हेंबरात विद्यापीठ आणि शाळांची जिंगू स्पर्धा असते, ती साधता येईल.

खाण्याचं: शाकाहारी माणसाला फ्रेंच फ्राइज आणि उकडलेले सोयाबीनच्या शेंगांचे दाणे, बाकी सगळीकडे कोंबडी आणि सॉसेज. बाहेरचं खाणं आत नेता येतं. वहिनीने मेथीच्या दशम्या आणि लिंबाचं लोणचं दिलं होतं, त्यावर आमची रात्र निघाली. टायगर्सवाल्या काकांनीही अर्धी दशमी खाऊन पाहिली आणि लोणच्याला हात जोडले. कॅन आणि काचेच्या बाटल्या आत चालत नाहीत. बिअर विकणाऱ्या मुली पाठीवर पिंप घेऊन पायऱ्या चढत-उतरत असतात. हात वर करा, त्या येतात. आठशे-नऊशे येनला पेला.

छप्पर जवळजवळ नाहीच, म्हणून पावसाळ्यात रेनकोट हवा. मोठी छत्री उघडली तर मागचे ओरडतील. नाचायची छोटी छत्री मैदानाजवळच मिळते, पण डाव्या बाजूला बसणार असाल तर ती पिशवीतच राहील.

परतताना गाएनमाएला जाऊ नका. सगळी गर्दी तिथेच वळते आणि जिन्यावर माणूस माणसाला चिकटतो. उलट्या दिशेने सेंदागाया किंवा शिनानोमाची स्टेशन गाठा, चालणं थोडं जास्त आहे पण गाडीत उभं राहायला जागा मिळते. आम्ही गाएनमाएला गेलो आणि दोन गाड्या सोडाव्या लागल्या.

कामाकुरा आणि हाकोनेही केलं. छान होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.